पांढरी लाकडी जमीन: लावायचं कमी, पुसायचं जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. खोलीत जुनी लाकडी जमीन आहे, वरचं व्हार्निश पिवळं पडलं आहे. जमीन धुवट पांढरी, म्हणजे व्हाइटवॉश, करायची आहे, पण लाकडाच्या रेषा दिसत राहायला हव्यात. त्यासाठी भिंतीचा पांढरा रंग पाण्यात पातळ करून फडक्याने फिरवला तर चालेल का? जुनं व्हार्निश सगळं काढावंच लागेल का? आणि एवढं करून ती पुन्हा पिवळी पडेल का?

आधी छोटी उत्तरं. पातळ केलेला रंग चालतो, पण कोऱ्या लाकडावर, तोही जपून. व्हार्निश सगळं काढावं लागतं, त्यात सूट नाही. पिवळी पडणं बहुतांशी वर तुम्ही काय लावता त्यावर ठरतं, आणि बहुतेक लोक चुकतात ते तिथेच. मीही चुकलो होतो, ते पुढे येईलच.

व्हाइटवॉश म्हटलं की डोळ्यांसमोर चुन्याची बालदी आणि कुंचला येतो. भिंतीचा चुना जमिनीला लावू नका. पायाखाली त्याची भुकटी होते. शिवाय चुना अल्कधर्मी असल्यामुळे ओकसारख्या टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडाचा रंग पांढरा होण्याऐवजी तपकिरीकडे झुकतो. म्हणजे जमिनीला चुना लावायला जाल आणि तो तुम्हालाच लागेल. आज ज्याला व्हाइटवॉश म्हणतात त्यात पांढरं रंगद्रव्य असतं, बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड. ते लाकडाच्या छिद्रांत आणि मऊ रेषांत जाऊन बसतं आणि कडक भागावरून पुसलं जातं. हा फरक नीट लक्षात घ्या. भिंतीला रंग देताना थर वर चढवायचा असतो, इथे रंग आत बसवून वरचा काढून टाकायचा असतो. बाकी सगळ्या सूचना यातूनच निघतात.

तेव्हा डबा उघडण्याआधी लाकूड ओळखा. ओक आणि अ‍ॅश यांची छिद्रं मोठी आणि उघडी असतात. पांढरा रंग त्यांत खडूच्या बारीक रेघांसारखा बसतो आणि जमीन छायाचित्रांत दिसते तशी होते. मेपल आणि बीच यांचा पोत घट्ट. त्यांच्यावर पांढरं फारसं आत जात नाही, नुसता दुधट पडदा दिसतो. पाइन मऊ असतं, त्यामुळे ते रंग भराभर पितं, पण सगळीकडे सारखं नाही. वाढीच्या रेषांतला मऊ पट्टा जास्त घेतो, कडक पट्टा कमी. शिवाय पाइनच्या गाठींत राळ असते आणि ती काही महिन्यांनी पांढऱ्यातून पिवळी-तपकिरी होऊन वर येऊ शकते. गाठी स्पिरिटने पुसून घेतल्या तर त्रास कमी होतो, पूर्ण जात नाही. सागवानासारख्या तेलकट लाकडावर पाण्यातली उत्पादनं धरत नाहीत, म्हणून ते आधी योग्य सॉल्व्हंटने पुसून लगेच काम करावं लागतं, आणि तरीही खाली तपकिरी रंग राहतोच.

खालच्या रंगाचा मुद्दा लोक हमखास विसरतात. पातळ पांढरं म्हणजे चष्म्याची काच समजा, मागे जे असेल ते दिसणारच. लालसर लाकडावर पांढरं लावलं की गुलाबी होतं. रेड ओकची जमीन पांढरी करून तिचा बाळाच्या झबल्यासारखा गुलाबी रंग झालेला मी पाहिला आहे, आणि मालकीणबाई रोज सकाळी तो पाहून उदास व्हायच्या. अशा लाकडासाठी पांढऱ्यात किंचित राखाडी किंवा हिरवट छटा असलेला स्टेन (लाकडात मुरणारा रंग) घ्यावा, म्हणजे लाली दबते. दुसरा मार्ग लाकूडच फिकं करण्याचा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं दोन भागांचं ब्लीच. ते नैसर्गिक रंग खरोखर काढतं, पण त्वचा आणि डोळे जाळू शकतं. पूर्ण खोलीभर ते पसरवायचं काम घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक तपासणी अगदी पहिल्या दिवशी करा. उंबऱ्याची पट्टी किंवा हीटिंगची जाळी उचलून फळीची कडा पाहा. अखंड लाकूड असेल तर साधारण 18 ते 20 मिमी जाडी दिसेल आणि तिला बरेच वेळा घासता येतं. इंजिनिअर्ड फळी असेल तर वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायचे आडवे-उभे थर दिसतील. वरचा थर 3-4 मिमी असेल तर एकदा, फार तर दोनदा घासण्याची मुभा आहे. 1 मिमीच्या आसपास असेल तर मशीन लावूच नका. कडेला छापील कागदासारखा थर आणि खाली भुशाची फळी दिसली, तर ते लॅमिनेट आहे. त्याला व्हाइटवॉश होत नाही, कोणी काहीही सांगो.

आता घासण्याचं काम. सगळ्यात कंटाळवाणं हेच आणि निकाल ठरवणारंही हेच. व्हार्निशच्या खाली लाकूड बंद झालेलं असतं. त्यावर पांढरं लावलं तर ते आत न जाता काचेवरच्या साबणासारखं वर बसतं आणि महिन्याभरात चालण्याच्या वाटेवर निघून जातं. सगळं निघालंय का हे कळण्यासाठी जमिनीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर व्हार्निश अजून आहे. पसरून लाकूड गडद झालं तर मोकळं आहे. घर फार जुनं असेल आणि जमिनीवर कधीकाळी रंगाचा थर दिला असेल, तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरा आणि चाचणी केल्याशिवाय घासू नका.

खिळ्यांची डोकी आधी पंचने 3 मिमी तरी खाली बसवा. वर राहिलं तर मशीनचा घासकागद फाटतो, ठिणगी उडते. त्यातच आणखी एक खोच आहे: लोखंड, पाणी आणि टॅनिन एकत्र आले की काळा डाग पडतो. एकदा ओकच्या जमिनीवर रंगाच्या दोन हातांच्या, म्हणजे थरांच्या, मध्ये मी लोखंडी वूल (तारेचा काथ्या) वापरलं. डोळ्यांना न दिसणारे तुकडे छिद्रांत अडकले, वर पाण्यातला स्टेन गेला, आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या जमिनीवर मिऱ्याची पूड शिंपडल्यासारखे ठिपके. ऑक्झॅलिक आम्लाने ते काढता येतात, पण पांढऱ्यासकट. तेव्हापासून या कामात लोखंडी वूल माझ्या पिशवीतही नसतं. नायलॉनचं पॅड वापरा.

घासकागदाच्या नंबरांचा क्रम, खरखरीतपासून बारीककडे: 40, 60, 80, मग 100 किंवा 120. मधला टप्पा गाळू नका, कारण 40 चे ओरखडे 120 ने जात नाहीत, नुसते मऊ होतात. आणि 120 च्या पुढेही जाऊ नका. फार गुळगुळीत केलं की छिद्रं मिटतात आणि पांढरं धरत नाही. गुळगुळीत म्हणजे चांगलं ही फर्निचरच्या पॉलिशची सवय इथे सोडायची. खोलीच्या मध्यभागी ड्रमचं मशीन पटापट चालतं, पण एका जागी क्षणभर थांबलं तरी खळगा पाडतं. नवशिक्याने सपाट ऑर्बिटल मशीन घ्यावं. वेळ दुप्पट लागतो, पण चूक भरून निघते.

भिंतीच्या कडेला फिरणाऱ्या डिस्कच्या मशीनने गोल ओरखडे राहतात. साध्या व्हार्निशखाली ते लपून जातात. पांढऱ्यात लपत नाहीत, उलट रंगद्रव्य नेमकं त्या ओरखड्यांत जाऊन बसतं आणि भिंतीलगत कुरळ्या केसांसारख्या पांढऱ्या रेघा उमटतात. म्हणून शेवटी कडा हाताने, रेषेच्या दिशेने घासा. मग खोली अंधारी करून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा. तिरप्या उजेडात प्रत्येक ओरखडा आपली सावली पाडतो. हे मी दर खोलीत गुडघ्यांवर बसून करतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यावर पुढचे तीन दिवस अवलंबून असतात.

घासताना तोंडाला चांगला मास्क हवाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाची धूळ कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे. मशीनची धुळीची पिशवी रात्री घरात ठेवू नका. व्हार्निशमिश्रित बारीक धूळ आतल्या आत धुमसून पेटल्याचे प्रकार होतात.

इथे एक सल्ला देतो, पटला तर घ्या. पैसे वाचवायला लोक घासणं स्वतः करतात आणि रंगासाठी माणूस बोलावतात. मी उलटं करायला सांगेन. घासायला रोज मशीन चालवणारा माणूस आणा, पांढरं स्वतः लावा. मशीनचा खळगा काढता येत नाही. पांढरं लावण्यात लागते चिकाटी आणि दोन माणसांचा मेळ, आणि तो घरच्या माणसांत जास्त चांगला बसतो.

घासून झालं की धूळ व्हॅक्यूमने ओढा, मग किंचित ओलसर फडक्याने पुसा. ओक किंवा अ‍ॅश असेल तर याच वेळी पूर्ण जमीन एकसारखी ओली करून सुकू द्या. त्याने दबलेले तंतू उभे राहतात, छिद्रं उघडतात आणि पांढरं जास्त आणि सारखं घेतलं जातं. रेषा आणखी ठळक हव्या असतील तर ओल्या लाकडाऐवजी सुक्यावर, रेषेच्या दिशेने पितळी तारांचा ब्रश मारा. मऊ भाग खरवडून निघतो, कडक भाग उंच राहतो. मला वैयक्तिक हे ओकवर फार आवडतं, पण पुढे त्या खाचांत मळही बसतो, हे लपवत नाही.

मग नमुना. तो जमिनीवरच करा, सुट्या फळीवर नाही. कपाट येणार आहे त्या कोपऱ्यात तीन पट्टे घ्या: एकावर एक हात, दुसऱ्यावर दोन हात, तिसऱ्यावर एक हात पण लावल्यावर पुसायला दुप्पट वेळ थांबून. सुकल्यावर प्रत्येक पट्ट्याच्या अर्ध्या भागावर वरचं पारदर्शक द्या. हा अर्धा भाग बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. कोरडं पांढरं खडूसारखं दाट दिसतं. वर पारदर्शक गेलं की लाकूड गडद होतं आणि पांढरं निम्मं विरल्यासारखं वाटतं. दिवसाच्या उजेडात पाहा, रात्री दिव्याखाली पाहा.

पातळ केलेला भिंतीचा रंग इथे कुठे बसतो? पाण्यातला मॅट इमल्शन, एक भाग रंगाला एक भाग पाणी, पाइनसारख्या पिणाऱ्या लाकडावर काम करतो. पण इमल्शन पटकन सुकतो, म्हणून एक फळी पुसेपर्यंत दुसरी वाळून जाते आणि जोडावर दुहेरी पट्टा दिसतो. त्यात चारपट पाणी घातलं तर त्यातला बांधणारा घटक इतका विरळ होतो की पांढरी भुकटी लाकडाला नीट धरत नाही, आणि वरचं कितीही महाग पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे वरचा पारदर्शक थर) लावा, ते त्या कमकुवत थराबरोबर सुटतं. छोट्या खोलीला, घाई नसेल तर ठीक. मोठ्या जमिनीला मी जमिनीसाठीचा तयार पांढरा स्टेन किंवा पांढरं हार्डवॅक्स ऑइल (मेण मिसळलेलं तेल) घेतो. ऑइलचा फायदा असा की खरचटलेली जागा तेवढीच घासून पुन्हा लावता येते. पीयू दिलेल्या जमिनीत ठिगळ दिसतंच. मात्र ऑइल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तेल उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.

प्रत्यक्ष लावताना दोन माणसं हवीत. एक लावणारा, एक पुसणारा. दारापासून सगळ्यात लांबच्या भिंतीपाशी सुरुवात, पायात स्वच्छ मोजे. दोन किंवा तीन फळ्या एका वेळी, पण त्या भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण लांबीने. थांबायचं ते फळीच्या जोडावर, फळीच्या मध्ये कधीच नाही. पांढरं रंगद्रव्य जड असतं, तळाला बसतं. डबा आधी पाच मिनिटं आणि नंतर दर थोड्या वेळाने तळापासून ढवळा, नाहीतर पहिली भिंत फिकी आणि शेवटची दाट होते. दोन डबे लागणार असतील तर एका बालदीत आधीच एकत्र करा.

ब्रशने आधी रेषेला आडवं घाला, म्हणजे छिद्रांत भरतं, मग रेषेच्या दिशेने ओढून समान करा. एक-दोन मिनिटांनी पुसणाऱ्याचं काम. जुन्या सुती बनियनचा घडी केलेला तुकडा घ्या, तळव्याएवढा. पहिला फेरा जोर न लावता, जास्तीचं उचलण्यासाठी. फडकं उलटून स्वच्छ बाजू घ्या आणि दुसरा फेरा फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता ओढा. मध्ये हात उचललात तर तिथे चंद्रकोर राहते. फडक्यावर पांढऱ्या रेघा उमटायच्या थांबल्या आणि लाकडावर फक्त बारीक खडूचे धागे दिसू लागले की झालं. तिथेच थांबा. जरा अजून पुसतो म्हणून सुकत आलेल्या जागेवर पुन्हा हात फिरवला की पट्टे पडतात. फळ्यांच्या सांध्यात साचलेलं पांढरं प्लास्टिकच्या पातळ पट्टीने उचलून घ्या. आणि कपाळाला फडकं बांधा. घामाचा थेंब पडलेली जागा सुकल्यावर बरोबर थेंबाएवढीच दिसते, हसू नका.

पहिला हात सुकल्यावर फिका वाटेल. रात्रभर थांबा. तरीही फिका वाटला तर दुसरा हात, तितकाच पातळ. एकाच हातात दाट करायचा मोह आवरा, दाट म्हणजे रंगवलेली जमीन. आणि पांढऱ्यावर कागद मारायचा नाही, फळ्यांच्या कडा लगेच उघड्या पडतात.

आता माझी चूक. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक पांढरी जमीन अप्रतिम जमली होती. वर मी हाताशी असलेलं तेलातलं पॉलियुरेथेन दिलं, कारण ते जास्त टणक असा माझा समज होता. लावतानाच मधासारखी झाक आली, वर्षभरात सगळी जमीन जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाची. गालिचा उचलला तर खालचा भाग आणखी पिवळा, कारण तेलातला हा थर अंधारातही पिवळा पडतो. पांढऱ्यावर पाण्यातलंच, न पिवळणारं पीयू द्यायचं. जास्त वावर असेल तर हार्डनर मिसळायचं दोन घटकांचं. ओकमधलं टॅनिन मात्र पाण्यातल्या पीयूतूनही वर येऊन पिवळट ढग उमटवू शकतं, म्हणून ओकवर पहिला थर टॅनिन रोखणाऱ्या सीलरचा हवा. खालचा पांढरा स्टेन तेलातला असेल तर तो डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक-दोन दिवस जास्त सुकू द्या, नाहीतर पीयू साल निघावी तसं निघतं. लाकूड स्वतः उजेडाने थोडं बदलणारच, विशेषतः पाइन. त्याला यूव्ही रोखणारं पीयू मिळतं, त्याने वेग मंदावतो. स्कॅंडिनेव्हियात पाइनला आधी लायचं (अल्कधर्मी) द्रावण देऊन मग पांढरं तेल किंवा साबण देतात ते याच पिवळेपणासाठी.

पीयूचा पहिला थर हलक्या हाताने, एकाच दिशेने पसरवा. पुढे-मागे घोळलात तर खालचं पाण्यातलं पांढरं ओलं होऊन सरकतं. दुसरा थर पूर्ण सुकल्यावरच बारीक पॅड किंवा 220 चा कागद हलका फिरवायचा, मग तिसरा. एक लिटर साधारण 8 ते 10 चौरस मीटर पुरतं, म्हणजे 15 चौरस मीटरच्या खोलीला तीन थरांना साडेचार ते साडेपाच लिटर धरा. मॅट घ्या. चकचकीत थराखाली ही जमीन प्लास्टिकची वाटते आणि प्रत्येक ओरखडा चमकतो.

दुसऱ्या दिवशी मोज्यांनी चालता येईल. फर्निचर तीन-चार दिवसांनी, उचलून ठेवा, ओढू नका, पायांना फेल्ट लावा. गालिचे दोन आठवडे थांबतील, आणि रबराची पाठ असलेले तर कधीच नको, त्यांचा पिवळा डाग पडतो. पुसताना पिळलेलं फडकं, वाफेचा मॉप अजिबात नाही. धूळ या जमिनीवर कमी दिसते, काळे केस मात्र दुरूनही मोजता येतात. कोरड्या दिवसांत फळ्या आकसून सांध्यांत न रंगलेल्या पिवळ्या रेघा दिसतील, त्याला घाबरू नका. काम सांधे उघडे असतात अशा कोरड्या काळात केलंत तर त्या रेघांतही पांढरं पोचलेलं असेल. उरलेला स्टेन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. पहिली खुर्ची ओढली गेली की तो लागणारच आहे.